ज्युनियर वर्ल्डमध्ये ४०० मीटर जिंकणारी पोरं पुढे जातात कुठे?

आडवा_बेंड

गेले चार दिवस एकच उद्योग चालूय. ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपमधली (आता अंडर-२० म्हणतात, २०१६ पासून नाव बदललं) पुरुषांची ४०० मीटर. जेवढ्या फायनल सापडल्या तेवढ्या बघितल्या, मग वही घेऊन बसलो, डावीकडे विजेत्याचं नाव आणि उजवीकडे त्याचं पुढे काय झालं ते, आणि वही भरत गेली तसं डोकं चक्रावत गेलं राव.

२००४, ग्रोसेटो, लाशॉन मेरिट, ४५.२५ सेकंद. चारच वर्षांनी बीजिंग ऑलिंपिकचं सोनं, ४३.७५, दुसरा आलेला वॉरिनर ०.९९ सेकंद मागे. एका फेरीच्या शर्यतीत जवळजवळ एक सेकंद म्हणजे सात-आठ मीटरचं अंतर, फोटोत दोघं एकत्र मावत नाहीत.

आता १९९६, सिडनी, ओबिया मूर, ४५.२७. हा पोरगा त्याच्या आदल्या वर्षी, सोळाव्या वर्षी, ४५.१४ पळाला होता. सोळाव्या! आणि तो आकडा पुढे कधी मोडलाच नाही त्यानं. म्हणजे माणसाचा आयुष्यातला बेस्ट शाळेत असतानाच होऊन गेला.

२००६ बीजिंग, त्रिनिदादचा रेनी क्वो, पुढे २००९ च्या बर्लिन वर्ल्ड्समध्ये ब्राँझ. २०१० मॉन्क्टन, हंगेरीचा मार्सेल डेआक-नॉज, ४५.४२, याचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मी तरी नव्हतं.

तर प्रश्न असा की ज्युनियरचं सोनं हा शकुन आहे की नुसताच त्या दिवसाचा हिशोब? कोच, माजी पळणारे, नुसतेच बघणारे, सगळ्यांनी लिहा.

घड्याळजी

विषय मस्त काढलात पण वहीत एक कॉलम कमी आहे. दुसरा नंबर. २००८ चं पान उघडा, बिडगोश्च, पोलंड. पहिला अमेरिकेचा मार्कस बॉईड, ४५.५३. दुसरा ४५.७०, ग्रेनाडाचा एक पोरगा, वय वर्षं पंधरा. पंधरा हो, सोळावं सप्टेंबरमध्ये लागणार होतं आणि स्पर्धा जुलैत. समोर अठरा-एकोणीसचे दांडगे आणि हा मधे.

तो पोरगा किरानी जेम्स. तीन वर्षांनी देगूमध्ये वर्ल्ड चॅम्पियन, चौथ्या वर्षी लंडनला ४३.९४ आणि ग्रेनाडाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक मेडल. बॉईड कुठे आहे विचारू नका.

सोन्याकडे बघू नका, वयाकडे बघा.

चौथी_लेन

+१ घड्याळजी. ज्युनियर म्हणजे त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला विशी पूर्ण झालेली नको, एवढाच नियम. खाली त्याच तारखेला सोळा पूर्ण होत असली की चालतं. म्हणजे एकाच हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) एकाला नुकती मिसरूड फुटलीय आणि शेजारचा दाढी करून आलाय. या वयात एका वर्षात मांडीचा घेर, पावलाची लांबी, ताकद, सगळंच बदलतं, त्यात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला यांच्यात अख्खं वर्ष. शंभर मीटरला हा फरक झाकला जातो एकवेळ, चारशेला नाही.

निमूट_वाचक

मधेच तोंड घालतो, माफ करा, अगदी बाळबोध प्रश्न आहे. मी बघतो तेव्हा आठव्या लेनवाला एवढा पुढे उभा असतो, पहिल्या लेनवाला पार मागे, आणि शेवटपर्यंत कळत नाही कोण पुढे आहे. हे असं का, आणि यात अन्याय होत नाही का कोणावर?

घड्याळजी

बाळबोध काही नाही, हा प्रश्न प्रत्येकानं कधी ना कधी विचारलेला असतो.

ट्रॅकची पहिली लेन मोजून ४०० मीटर. लेनची रुंदी १.२२ मीटर. सगळ्यांनी आपापल्या लेनमध्येच पूर्ण फेरी मारायची म्हटलं तर बाहेरच्याला दोन्ही बेंडवर (वळणांवर) जास्त पळावं लागेल, म्हणून त्याला तेवढं पुढे उभं करतात. दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर, मग पुढच्या प्रत्येक लेनला साधारण साडेसात मीटरच्या वर थोडं, असं करत करत आठव्या लेनपर्यंत ५३ मीटर होतात. म्हणजे सुरुवातीला आठवा पहिल्याच्या अर्धं फुटबॉल मैदान पुढे असतो, पण पळायचं सगळ्यांना ४००च.

आवाजाचं म्हणाल तर प्रत्येकाच्या ब्लॉकच्या (सुटताना पाय टेकवायच्या ठोकळ्यांच्या) मागे स्पीकर असतो, म्हणजे लांब उभ्या असलेल्याला गोळीचा आवाज उशिरा पोचला असं होत नाही.

अन्याय मोजमापात नाही, डोक्यात आहे. आठवी लेनवाल्याला कोणीच दिसत नाही, आंधळी कोशिंबीर. पहिली लेनवाल्याला सगळे दिसतात पण बेंड इतका घट्ट की उंच पोरांना डावा पाय सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात.

दमछाक

आठव्या लेनचं मी सांगतो. शाळेत असताना इंटरस्कूल, मातीचा ट्रॅक, चुन्याच्या रेषा, त्या पण सकाळपासूनच्या शर्यतींनी पुसत आलेल्या. मला आठवी लेन आली. गोळी सुटली आणि पळालो. पहिले दोनशे मला कोणी दिसेना, मला वाटलं आपण उडतोय, आज रेकॉर्ड होणार, घरी जाऊन काय सांगायचं ते पण ठरवायला लागलो, आणि दुसऱ्या बेंडच्या मध्यावर डाव्या कानात एक श्वास ऐकू आला. नुसता श्वास. मग दुसरा. मग एक कोपर दिसलं, मग पाठ दिसली, मग दुसरी पाठ. त्यानंतर पाय मणामणाचे झाले ते झालेच. गुडघे वर येईनात, हात पुढे जायच्या ऐवजी आडवे जायला लागले, मान मागे पडली. सहावा आलो. रेषेपलीकडे पालथा पडलो तेव्हा तोंडात माती आणि लोखंडासारखी काहीतरी चव, आणि आमच्या पीटीच्या सरांनी पाणी द्यायच्या आधी विचारलं, पहिल्या दोनशेत कुठे जायचं होतं तुला?

ते वाक्य अजून ऐकू येतं मला.

फिरकीदादा

😂😂 कुठे जायचं होतं तुला! ऑफिसमध्ये पण चालेल हा प्रश्न.

स्पाइकवाली

दमछाक, तुमच्या सरांचा प्रश्न म्हणजेच ४०० मीटर. मी स्वतः पळायचे (फार वर नाही, पण हीटमधून सेमीपर्यंत जाण्याइतकं), आता लहान मुलांना शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली गोष्ट, शेवटच्या शंभरात कोणी वेग वाढवत नाही. कोणीच नाही. आपण कॉमेंटरीत ऐकतो "काय जबरदस्त फिनिश, मागून आला", तो मागून येत नाही, बाकीचे त्याच्याकडे मागे जातात. सगळ्यात जास्त वेग पहिल्या शंभरातच कधीतरी गाठलेला असतो, तिथून पुढे फक्त एकच स्पर्धा, कोण कमी मंदावतो.

दुसरी, शरीरात काय होतं ते. सुरुवातीचे काही सेकंद स्नायूत आधीच साठवलेल्या ताकदीवर निघून जातात. मग साखर ऑक्सिजनशिवाय जाळून पळायचं, ते भराभर होतं पण त्यात स्नायूतलं आम्ल वाढत जातं आणि स्नायू आकुंचन पावायला नकार देतो. सोबत ऑक्सिजनवरचं इंजिनही चालू झालेलं असतं, पूर्ण शर्यत धरली तर चाळीस टक्क्यांच्या आसपास काम तेच करतं. लोकांना वाटतं ४०० म्हणजे लांबलेली १००, तसं नाही हो. पोरांकडून नुसते स्टार्ट आणि ६० मीटर करून घेणारे कोच इथेच फसतात.

तिसरी, आणि धाग्याच्या विषयाशी हीच लागू आहे: ज्युनियरला हीट, सेमी, फायनल, तीन वेळा हे करायचं असतं, दोन-तीन दिवसांत. त्यावर रिले. कॅलीत २०२२ ला आपल्या रुपल चौधरीनं तीन दिवसांत चार वेळा ४०० मीटर पळून मिक्स्ड रिलेचं (दोन मुलं, दोन मुली) सिल्व्हर आणि वैयक्तिक ब्राँझ (५१.८५) घेतलं होतं. एकदा करून बघा म्हणजे कळेल. एका दिवशी दोन पूर्ण ताकदीच्या चारशे मारल्या तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. जिना चढताना नाही, उतरताना.

म्हणून ज्युनियरचं सोनं बऱ्याचदा सगळ्यात वेगवान पोराला जात नाही, तिसऱ्या दिवशी ज्याच्या पायात काही उरलंय त्याला जातं.

आडवा_बेंड

स्पाइकवाली, हे भारी लिहिलंत. म्हणजे माझ्या वहीत सोन्यापुढे "त्या आठवड्यात सगळ्यात ताजा" असं लिहायला हवं.

घड्याळजी

"कोण कमी मंदावतो" याचे दोन टोकाचे नमुने देतो, सीनियरचे आहेत पण बोलके आहेत. मायकेल जॉन्सन, १९९९ सेव्हिया, ४३.१८. पहिले दोनशे २१.२२, दुसरे २१.९६. पाऊण सेकंदसुद्धा फरक नाही, घड्याळ लावून पळाल्यासारखा. आणि वेड व्हॅन निकर्क, २०१६ रिओ, ४३.०३, तो पण आठव्या लेनमधून! पहिले दोनशे साधारण २०.५, दुसरे २२.५. दोन सेकंद फरक. दमछाकनी जी चूक केली तीच त्यानं केली आणि वर्ल्ड रेकॉर्ड झाला.

दमछाक

मग माझ्या सरांना कोणीतरी रिओचा व्हिडिओ पाठवा प्लीज.

काकू_ऑन_ट्रॅक

सगळं वाचलं, आता मुद्द्याचं. धागाकर्ते, तुम्ही रिओची फायनल नीट बघितलीत का? त्यातल्या पहिल्या पाचांची यादी करा आणि तुमच्या वहीशी लावून बघा.

पहिला व्हॅन निकर्क. दुसरा किरानी जेम्स, ४३.७६. तिसरा लाशॉन मेरिट, ४३.८५. चौथा त्रिनिदादचा मॅशेल सेडेनियो, ४४.०१. पाचवा बोट्स्वानाचा काराबो सिबांडा, ४४.२५.

आता उलटं चला. जेम्स, २००८ ज्युनियर ४०० सिल्व्हर. मेरिट, २००४ ज्युनियर ४०० गोल्ड. सेडेनियो, २०१४ युजीन ज्युनियर ४०० गोल्ड, ४५.१३. सिबांडा, त्याच उन्हाळ्यात, रिओच्या महिनाभरच आधी, बिडगोश्चला अंडर-२० मध्ये ब्राँझ. पाचांतले चार ज्युनियरच्या याच शर्यतीच्या पोडियमवरचे. आणि उरलेला कोण, तर जो जिंकला तो! व्हॅन निकर्क २०१० च्या मॉन्क्टन ज्युनियरला होता, पण २०० मीटरला, आणि चौथा आला होता.

म्हणजे प्रश्नच चुकलाय. विजेता पुढे जातो का हे विचारू नका. पुढे गेलेले मागे कुठे होते ते विचारा, बहुतेक सगळे तिथे सापडतात.

चौथी_लेन

आईशप्पथ. हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. 🙏

फिरकीदादा

काकूंनी बेंडवरच मारून नेली शर्यत.

आडवा_बेंड

काकू, वही फाडू का आता? 😅 मायकेल नॉर्मन पण तुमच्या बाजूला जातो म्हणजे, बिडगोश्च २०१६ ला २०० मीटर जिंकला होता २०.१७ मध्ये, आणि २०२२ ला युजीनला ४०० चा वर्ल्ड चॅम्पियन.

उलटवाचक

मी जरा विरोधात बोलतो, कोणीतरी बोलायलाच हवं. काकूंचा मुद्दा ऐकायला छान आहे पण त्यात एक गोम आहे. पोडियमवरून पुढे गेलेले चार तुम्ही मोजले, पोडियमवरून हरवलेले किती ते नाही मोजलं. १९८६ च्या अथेन्सपासून दर दोन वर्षांनी तीन मेडलं धरली तरी पन्नासच्या वर पोरं होतात. त्यातली ऑलिंपिक फायनलला किती पोचली? बहुतेकांचं काय झालं ते आपल्याला माहीतच नाही कारण ते माहीत करून घ्यावं असं काही झालंच नाही.

आणि ज्याच्या नावावर अजून ज्युनियर रेकॉर्ड आहे तो स्टीव्ह लुईस. १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये एकोणिसाव्या वर्षी ४३.८७, सोनं. ज्युनियर वर्ल्ड त्याच वर्षी होतं सडबरीला, पण त्याचं नाव निघतं ते सोलसाठी. ज्याला ऑलिंपिक जिंकता येतं त्याला ज्युनियर शिक्क्याची गरज नाही.

काकू_ऑन_ट्रॅक

उलटवाचक, मान्य, अर्धं मान्य. हरवलेले जास्त असणारच, कुठल्याही खेळात असतात. पण मी हमी देत नव्हते, दरवाजा कुठे आहे ते दाखवत होते. दरवाज्यातून आत गेलेला प्रत्येक जण जेवून येतो असं थोडंच आहे.

अमेरिकेतल्या पोरांचं वेगळं गणित असतं ते पण धरा. त्यांना कॉलेजचा इनडोअर सीझन, मग आउटडोअर, प्रत्येक मीटला स्वतःची शर्यत आणि वर रिले. जुलै-ऑगस्ट येईपर्यंत पाय संपलेले. २००२ किंग्स्टनचा विजेता डॅरोल्ड विल्यमसन (४५.३७) दोन वर्षांनी अथेन्सला ऑलिंपिक सोनं घेऊन आला, पण ४x४०० रिलेत. वैयक्तिक जागा वॉरिनर वगैरेंनी भरलेल्या. आता त्याला हरवलेला म्हणायचं का?

स्पाइकवाली

विल्यमसनला हरवलेला म्हणाल तर मी धागा सोडून जाईन. रिलेतला चौथा माणूस कधी तरी होऊन बघा, हातात बॅटन येतो तेव्हा अख्ख्या टीमचं वजन येतं त्यात.

ज्युनियर आणि रिलेवरून आठवलं, बेल्जियमचा जोनाथन साकूर. २०१८ टॅम्पेरेला ४५.०३ मध्ये गोल्ड आणि पुढच्याच महिन्यात बर्लिनला युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये तीन बोर्ले भावांबरोबर ४x४०० चं गोल्ड. तीन सख्खे भाऊ आणि चौथा हा पोरगा.

घड्याळजी

आता जरा कडू विषय. कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. २०१२ बार्सिलोना.

डोमिनिकन रिपब्लिकचा लुगेलिन सांतोस, ४४.८५, दुसऱ्याला म्हणजे आर्मन हॉलला अर्ध्या सेकंदाच्या वर मागे टाकून. चारच आठवड्यांनी लंडन ऑलिंपिकला सिल्व्हर, ४४.४६, जेम्सच्या मागे. सगळे म्हणाले काय पोरगा आहे. आणि २०२३ ला अ‍ॅथलेटिक्स इंटेग्रिटी युनिटनं (या खेळातली फसवणूक तपासणाऱ्या संस्थेनं) तीन वर्षांची बंदी घातली, कारण जन्मसाल १९९२ असताना पासपोर्टवर १९९३ दाखवलेलं. २०१२ च्या ज्युनियरला १९९३ किंवा नंतरचाच चालत होता. ज्युनियरचं सोनं गेलं. लंडनचं सिल्व्हर राहिलं, कारण तिथे वयाची अट नव्हतीच.

एका वर्षासाठी. आणि त्याच्या मागे रेषा ओलांडलेल्या पोरांना अकरा वर्षांनी कळतं आपला नंबर खरं तर एकानं वर होता.

चौथी_लेन

हे वाचून नेहमी पोटात खड्डा पडतो. पोडियमवर उभं राहायचा तो क्षण परत मिळत नाही ना, मेडल कुरियरनं येऊन काय उपयोग.

उलटवाचक

आणि यावरून माझाच मुद्दा घट्ट होतो, ज्युनियरच्या निकालावर फार विसंबू नका.

काकू_ऑन_ट्रॅक

उलट माझा घट्ट होतो. एका वर्षाच्या फरकासाठी माणूस पासपोर्ट बदलतो म्हणजे या वयात एक वर्ष काय असतं ते बघा. आणि तरी पंधरा वर्षांचा किरानी दुसरा आला.

निमूट_वाचक

अजून एक विचारतो. रेषेवर पाय पडला तर लगेच बाद ना? मग बेंडवर थकलेली पोरं कशी काय सांभाळतात?

घड्याळजी

पूर्वी बेंडवर आतल्या रेषेवर पाय पडला की बाद, फार पोरं गेली त्यात. आता थोडं सैल केलंय, बेंडवर एकदा रेषेला पाय लागला तर सोडून देतात, दुसऱ्यांदा लागला की घरी. आणि पुढच्या राउंडला पाटी कोरी होत नाही, हीटमधली एक चूक फायनलपर्यंत डोक्यावर राहते. फॉल्स स्टार्टला मात्र दया नाही, पहिल्याच चुकीला बाहेर.

सह्याद्रीचा_वारा

भारताचं काय हो? एवढा मोठा धागा झाला आणि पुरुषांच्या ४०० मध्ये आपलं नाव नाही.

स्पाइकवाली

नाही, कारण या शर्यतीत ज्युनियर वर्ल्डमध्ये आपल्या मुलांना अजून मेडल नाही. मुलींना आहे. टॅम्पेरे २०१८, हिमा दास, ५१.४६, ट्रॅकवरचं आपलं पहिलं वर्ल्ड गोल्ड कुठल्याही वयोगटातलं. शेवटच्या स्ट्रेटला (सरळ पट्ट्याला) लागताना चौथी होती ती. आणि मग बाकीच्या तिघी तिच्याकडे मागे आल्या (वर लिहिलंय तसं 😄), रोमानियाची मिक्लोश दुसरी, ५२.०७.

मुलं रिलेत आहेत. नैरोबी २०२१ ला मिक्स्ड ४x४०० चं ब्राँझ, ३:२०.६०, आणि कॅली २०२२ ला सिल्व्हर, ३:१७.७६. भरत श्रीधर आणि कपिल दोन्ही वेळेला होते. एका वर्षात जवळपास तीन सेकंद खाली, हे मला त्या मेडलपेक्षा जास्त आवडलं होतं.

घड्याळजी

सीनियरमध्ये आकडे असे: मिल्खासिंग, रोम १९६०, हाताच्या घड्याळावर ४५.६, इलेक्ट्रॉनिकवर ४५.७३, चौथे. ब्राँझ स्पेन्सचं, ४५.५. पुढे के. एम. बिनू २००४ अथेन्सला ४५.४८, मग मोहम्मद अनस ४५.२१, आणि २०२५ ला तमिळनाडूच्या विशालनं ४५.१२. पासष्ट वर्षांत अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. आणि ओबिया मूर सोळाव्या वर्षी ४५.१४, हे आता परत वाचा.

सह्याद्रीचा_वारा

बाप रे.

फिरकीदादा

मूर राहू दे, क्विन्सी विल्सन बघा. अमेरिकेचा, २००८ चा जन्म. सोळाव्या वर्षी ४४.२०, सतराव्या वर्षी ४४.१०. पॅरिसला रिलेच्या हीटमध्ये पळवला आणि टीमबरोबर ऑलिंपिक गोल्ड घेऊन शाळेत परत गेला. गृहपाठ केला नाही म्हणून शिक्षक काय बोलणार अशा पोराला.

चौथी_लेन

त्याच्याबद्दल मला आनंदापेक्षा धाकधूक जास्त वाटते. मूर डोळ्यासमोर येतो.

घड्याळजी

अनसचं नाव आलं म्हणून. जकार्ता २०१८ एशियन गेम्स, अनसला सिल्व्हर, ४५.६९. त्याच्या पुढे कोण होतं आठवतंय? कतारचा अब्देलइलाह हारून, ४४.८९. हा पण या धाग्यातलाच पोरगा, बिडगोश्च २०१६ चा ज्युनियर विजेता, ४४.८१. २०१७ लंडन वर्ल्ड्सला ब्राँझ. जून २०२१ मध्ये दोह्यात कार अपघातात गेला, चोवीस वर्षांचा होता. टोकियो ऑलिंपिक महिन्यावर आलं होतं.

तुमच्या वहीत त्याच्या नावापुढे उजवीकडे काय लिहिलंत?

आडवा_बेंड

लिहिलंय. तारीख लिहिली आणि पुढे काही सुचलं नाही, तसंच सोडलं.

काकू_ऑन_ट्रॅक

🙏

निमूट_वाचक

(विषय बदलतो जरा.) नैरोबीला ४४.५८ झाली ना, बोट्स्वानाच्या अँथनी पेसेलाची? मग ज्युनियर वर्ल्डमधला सगळ्यात चांगला विजेता तोच म्हणायचा का?

उलटवाचक

आकडा त्याचाच भारी. आधी सौदीच्या हमदान अल-बिशीचा ४४.६६ होता, सँटियागो २००० चा, वीस वर्षांहून जास्त टिकला. पण नैरोबी समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरच्या वर आहे, हवा विरळ, एका फेरीला फायदाच होतो. मेक्सिको सिटीत १९६८ ला ली इव्हान्स ४३.८६ पळाला तो पण उंचीवरच. वर त्या वर्षी कोविडमुळे अमेरिकेनं टीमच पाठवली नव्हती.

स्पाइकवाली

उंचीवर फायदा होतो पण तो आठही लेनना होतो. आणि अमेरिका आली नाही यात पेसेलाचा काय दोष, समोर आले त्यांना हरवलं पोरानं. पुढच्या वेळचा विजेता, साउथ आफ्रिकेचा लिथे पिल्ले, कॅलीत ४५.२८ मध्ये जिंकला, म्हणजे पेसेलापेक्षा सात दशांश हळू. पण २०२५ ला टोकियोत वर्ल्ड्सच्या ४x४०० मध्ये ब्राँझ घेणाऱ्या टीममध्ये तो आहे आणि त्याच टीममध्ये कोण, तर व्हॅन निकर्क. म्हणून म्हणते ज्युनियरचा आकडा आकड्याशी लावू नका.

आडवा_बेंड

वहीला आता चार कॉलम झालेत: नाव, त्या दिवशीचं वय, दुसरा-तिसरा कोण, आणि पुढे काय. शेवटचा कॉलम पेन्सिलनं लिहायचा ठरवलंय.

१९९० प्लोव्दिव्ह ते १९९४ लिस्बन या तीन फायनलचे व्हिडिओ कोणाकडे असतील तर सांगा. लिस्बनला जमैकाचा मायकेल मॅकडोनाल्ड जिंकलाय एवढंच सापडलं.

दमछाक

धागा वाचून काल सकाळी ट्रॅकवर गेलो. बावीस वर्षांनी. आठवी लेन रिकामी होती, तीच घेतली. पहिले दोनशे मुद्दाम हळू गेलो, सरांची आठवण काढून. १ मिनिट ३४. आज जिना उतरताना कठडा धरला.

स्पाइकवाली

चढताना नाही ना? मग बरोबर पळालात. आता आठवडाभर नुसतं चाला, आणि पुढच्या वेळी स्पाइक घालायचा मोह झाला तर आधी इथे येऊन विचारा.